भावाच्या पाठीवरून सुनावणीला

आमच्या तालुक्याच्या ऑफिसचं नाव मी सांगणार नाही, कारण मला परत तिथंच जावं लागणार आहे. परभणी जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. बाहेरून बघाल तर इमारत झकास. नवा रंग, समोर बाग, आणि दाराशी आमच्यासारख्यांसाठी केलेला रॅम्प. त्या रॅम्पवरून मी कुबड्या टेकत व्हरांड्यात जाऊ शकते. पण व्हरांड्यात आहे काय? पाण्याचा माठ, एक लांब बाकडं आणि कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली. गाड्यांना ऊन लागू नये म्हणून ते त्या रॅम्पवरूनच आत आणून लावतात. कामं सगळी वरच्या मजल्यावर. सुनावणी वर, नक्कल वर, शिक्का वर. दिव्यांग कक्ष अशी पाटी लावलेली खोलीसुद्धा वर. ती पाटी मी पहिल्यांदा बघितली ती दुसऱ्याच्या मोबाइलवरच्या फोटोत, तेव्हा मला एवढं हसू फुटलं की बाकड्यावरची बाई जराशी लांब सरकली.

मला दोन्ही पायांना पोलिओ. परभणीहून करून आणलेले लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर पायांत चढवले आणि काखेत कुबड्या घेतल्या की सपाटीवर मी कुणाला ऐकत नाही. पायरी आली की संपलं. पायरीच्या पलीकडचं जग मला माझ्या भावानं दाखवलं. तो माझ्याहून लहान, पण अंगानं पहिल्यापासून दणकट. शाळेच्या ओसरीवर, एसटीच्या दारात, लग्नाच्या स्टेजवर, पोखर्णीच्या नरसिंहाला, जिथं जिथं चढायचं असेल तिथं तो माझ्याकडं पाठ करून खाली बसायचा आणि म्हणायचा, बस. आजपर्यंत त्यानं कधी कुरकुर केलेली नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला राक्षस ठरवाल. तो राक्षस असता तर माझं काम लय सोपं होतं.

आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. मशीनला मोटर बसवलेली आहे, लाइट गेली की हातानं फिरवते. वडिलांनी दारातली पायरी काढून तिथं सिमेंटचा उतार करून दिला होता. दार उघडलं की मी रस्त्यावर. बाया ब्लाउज टाकायला येतात, फॉल लावायला येतात, निम्म्या तर नुसत्या बसायला येतात. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून माहेरी गेली आणि कामून गेली, हे सगळं माझ्या दारात कळतं. कुणी माप देऊन पुन्हा ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला आली तर मी उतारावरून खाली जाऊन भांडते. मला भांडायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

वडील गेले आणि वर्षाच्या आत भावानं घर पाडायचं काढलं. त्याचंही चूक नव्हतं. मातीच्या भिंती, वरून पत्रे, लेकरं मोठी व्हायलेली. त्याला स्लॅबचं घर बांधायचं होतं. खाली रस्त्याच्या बाजूला भाड्यानं द्यायचे गाळे आणि वरच्या मजल्यावर आम्ही सगळे. त्यासाठी कर्ज काढायचं, आणि कर्जासाठी ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर एकट्या त्याच्या नावानं पाहिजे. एका संध्याकाळी तो माझ्या मशीनपाशी बसून हौसेनं सांगायला लागला.

"आक्का, वर तुला हवेशीर खोली काढतो. संडास-बाथरूम खोलीतच. तुला बाहेर जायचं कामच न्हाई."

"आन मी खाली कशी येणार?"

"मी हाय की."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तो खरंच असला असता. शेतातून आल्यावर असला असता, जेवणं झाल्यावर असला असता, मी हाक मारली की हातातलं टाकून आला असता. पण मधे? तो रानात असताना दारावर कोण आलं ते मी कुठून बघायचं? आणि ब्लाउजसाठी जिना चढून वर कोण येणार, खालच्या गाळ्यात दुसरा टेलर बसला नसता का? मला जिवंतपणी माळ्यावर ठेवून द्यायचं चाललं होतं, तेही इतक्या मायेनं की ओरडायचीसुद्धा सोय नाही. मी म्हटलं, खालचा एक गाळा मला दे, मी तिथंच राहीन. तो म्हणाला, रोडवरच्या गाळ्यांचं भाडं आलं तरच बांधकाम परवडतंय, नाहीतर स्लॅब अर्धवट राहील. मी रोज सांगत राहिले, तो रोज हसून म्हणत राहिला की बांधून झाल्यावर तुलाच आवडेल.

मग मी अर्ज लिहिला. वडिलांच्या घराच्या उताऱ्यावर माझंही नाव लावावं, माझ्या सहीशिवाय घर पाडू देऊ नये. ग्रामसेवक गावात आले तेव्हा त्यांना दारात थांबवून हातात दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडं बघितलं, आत भाऊ आहे का बघितलं, आणि घरातल्या घरात मिटवा म्हणून मला समजवायला लागले. मी म्हटलं, मिटलं असतं तर कागद कशाला काळा केला असता? तेव्हा त्यांनी अर्ज घेतला. ही भानगड माझ्याच्यानं होणार नाही, वर पाठवतो, म्हणाले. आणि खरंच वर पाठवला.

नोटीस आली तीत लिहिलेलं होतं की अर्जदार आणि सामनेवाले यांनी समक्ष हजर राहावं. अर्जदार मी, सामनेवाला भाऊ. ती त्यानंच पोस्टमनकडून घेतली, उभ्या उभ्या वाचली आणि माझ्या मशीनवर ठेवली. "माझ्यावर केस टाकलीस का आक्का?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, तुझ्यावर नाही, जिन्यावर टाकली. त्याला ते पटलं नाही. गावात बोभाटा झाला. असल्या भावावर केस टाकणारीला काय म्हणावं, असं लोक माझ्या तोंडावर बोलायला लागले, ब्लाउजचं माप देता देता बोलायला लागले. भावजय मात्र ताटात भाकरी वाढताना हळूच म्हणाली, तुमचं बरोबर का यांचं मला कळत न्हाई, पण एक हाय, माज्यानं तुमाला उचलणं व्हायचं न्हाई. अख्ख्या गावात खरं तेवढं ती एकटी बोलली.

आता गंमत बघा. तारखेच्या दिवशी तालुक्याला जायचं कसं? रिक्षावाला गेटपर्यंत सोडणार, पुढं काय? मी तयार होऊन दारात विचार करत बसले होते तेवढ्यात भावानं मोटारसायकल उताराला आणून लावली. चल, उशीर व्हायलाय. माझ्या कुबड्या त्यानं गाडीच्या बाजूला बांधल्या. म्हणजे एका केसमधली दोन्ही माणसं एकाच गाडीवरून निघाली. पारावरची मंडळी माना वळवून बघत राहिली. वाटेत त्यानं गाडी थांबवून मला विचारलं, पाण्याची बाटली घेतलीस का. मी घेतली नव्हती. त्यानं विकत घेऊन दिली.

ऑफिसात जिन्यापाशी आलो. त्यानं नेहमीसारखी पाठ केली आणि खाली बसला. बस. मी तिथंच अडले. त्याच्या पाठीवर बसून त्याच्याच विरुद्ध बोलायला जायचं, हे मला कसंतरीच वाटलं. मी नको म्हटलं. मग कशी येणार, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते ऑफिसवाले बघतील, मला नोटीस त्यांनी दिली आहे. तो उठून एकटा वर गेला. मी खाली बाकड्यावर.

सुनावणीची एक रीत असते. वेळ झाली की शिपाई वरच्या गॅलरीत येतो आणि नावाचा पुकारा करतो. नाव ऐकलं की माणसानं साहेबांपुढं जाऊन उभं राहायचं. पुकारा होऊन आला नाही तो गैरहजर, मग तो गेटच्या बाहेर असो का मसणात. माझ्या नावाचा पुकारा झाला, वडिलांच्या नावासकट, मोठ्यानं. मी खालून तेवढ्याच मोठ्यानं ओरडले, हजर. शिपायानं कठड्यावरून वाकून बघितलं. मी दिसले. वर या, म्हणाला. मी म्हटलं, पायांनी अधू आहे, वर येता येत नाही, साहेबांना सांगा मी खाली आहे. तो आत गेला, बाहेर आला, आणि पुन्हा माझ्या नावाचा पुकारा केला. माझ्याकडं बघत केला. मी पुन्हा हजर म्हणाले. व्हरांड्यातले लोक हसायला लागले. त्यानं पुन्हा एकदा पुकारा केला. नियम म्हणजे नियम.

मग चष्मा कपाळावर चढवलेले एक क्लार्क खाली आले. बोलायला गोड माणूस. ताई, तुमी कशाला तकलीफ घेता, भाऊ हायेत ना वर, तुमचंबी तेच सांगतील. मी विचारलं, माझ्या विरुद्धचा माणूस माझं म्हणणं सांगणार? ते म्हणाले, विरुद्ध कशाला म्हणता, घरचेच ना. आणि चष्मा डोळ्यांवर ओढून वर गेले.

थोड्या वेळानं भाऊ उतरला. तोंड पडलेलं. त्यानं सांगितलं की साहेबांनी त्याला तुझ्या बहिणीचं काय म्हणणं आहे असं विचारलं होतं, आणि त्यानं एवढंच सांगितलं की ती खाली बसलीय, तिलाच विचारा. त्यांनी अर्जदार गैरहजर असं लिहिलं आणि पुढची तारीख दिली. तेव्हाही आली नाही तर एकतर्फी निकाल. म्हणजे घर त्याच्या एकट्याच्या नावावर, विषय संपला. तो काहीही बोलू शकला असता. बहिणीची काही हरकत नाही म्हणाला असता तरी त्याला कुणी अडवणार नव्हतं. तो बोलला नाही. मी कुणावर चिडावं हेच मला कळेना. माझा आवाज अख्ख्या इमारतीनं ऐकला होता आणि कागदावर मी नव्हते. घरी जाईपर्यंत मी रडले. गाडीवर मागं बसून रडायचं एक बरं असतं, पुढच्याला दिसत नाही.

पुढच्या तारखेआधी मी खूप डोकं चालवलं. निघताना क्लार्क म्हणाले होते की पुढच्या वेळी चौघा जणांना सांगून खुर्चीतून उचलून नेऊ. तसलं मी एकदा भोगलेलं आहे. आमच्यासारख्यांसाठी मेळावा भरवला होता, सत्कार करायचा म्हणून चार परक्या बाप्यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. त्यातल्या एकाचा हात खुर्चीला नव्हता, तो नको तिथं होता, आणि समोर सगळे टाळ्या वाजवायला लागले होते. फोटोत मी हसताना दिसते. तेव्हा परके हात नकोच. मग राहिलं कोण? ज्याच्याविरुद्ध जायचं तोच. दुसरं कुणी नव्हतंच. मी कितीही उड्या मारल्या तरी शेवटी त्याच पाठीवर येऊन पडत होते.

तर दुसऱ्या तारखेला तो खाली बसला, बस म्हणाला, आणि मी बसले.

जिना चढताना मी त्याच्या मानेकडं बघत होते. मानेवरचे केस पिकायला लागले होते. पूर्वी तो मला घेऊन पळत चढायचा, मी हसून हसून बेजार व्हायचे. आता मधल्या वळणावर तो थांबला. भिंतीला हात टेकून श्वास घेतला. दमलास का, मी विचारलं. नाही, म्हणाला. पण त्याचं काळीज धडधडताना मला माझ्या पोटाशी लागत होतं. हा माणूस दमेपर्यंतच माझा खालचा रस्ता चालू राहणार होता. मला त्याची एवढी दया आली आणि तेवढीच भीती वाटली. मनात आलं की आत जाऊच नये, अर्ज मागं घेते म्हणावं आणि खाली न्यायला सांगावं. पण खाली जायलाही तोच लागणार होता.

आत साहेब नव्हते, मॅडम होत्या. नव्या, तरण्या, शिकलेल्या, चेहऱ्यानं चांगल्या. भावानं मला खुर्चीत ठेवलं, कुबड्या बाजूला टेकवल्या, माझे पाय हातानं सरळ केले, कॅलिपरवर साडी नीट ओढली आणि मागं जाऊन उभा राहिला. मॅडम हे सगळं बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. असा भाऊ आजकाल बघायला मिळत नाही हो, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, मेले. माझी केस तिथंच बुडाली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, त्याच्या पाठीनं सगळी साक्ष देऊन टाकली होती.

मॅडमनी मला समजवायला सुरुवात केली. जो माणूस तुम्हाला असं उचलून आणतो तो तुम्हाला घराबाहेर काढेल का? मी म्हटलं, नाही काढणार. जेवायला घालणार नाही का? घालेल. आजारपण काढणार नाही? काढेल. मग तुम्हाला अजून काय पाहिजे? त्यांनी पेन उचललं. बहिणीचं पालनपोषण भाऊ करील असं लिहून घेऊ, म्हणाल्या, दोघांच्याही मनासारखं होईल. मागं भाऊ हळूच हो म्हणाला. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"मॅडम, मी त्याच्या पाठीवर आले कारण जिना तुमच्या इमारतीला हाय," मी म्हटलं. "त्याचा पुरावा माज्याविरुद्ध कामून लावता?"

क्लार्कनी चष्मा काढला. मी म्हटलं, मागच्या तारखेला मी ह्याच जिन्याखाली बसून गळा फाटेस्तोवर हजर म्हणून ओरडत होते, तुमच्या कागदावर मी गैरहजर आहे. आज आले तर भावाचं कौतुक. मी आले त्याचं काय? मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग मी त्यांना विनंती केली की मला भाऊ नसताना बोलायचं आहे. त्याच्यासमोर मला बोलता येत नव्हतं, त्यात काय लपवायचं. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. तो एकदा माझ्याकडं बघून बाहेर गेला. जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेलेली मला ऐकू आली.

मग मी सगळं सांगितलं. दार, रस्ता, मशीन, बाया, वरची हवेशीर खोली. मी सांगितलं की मला सांभाळणारा माणूस नको आहे असं नाही, पण दारसुद्धा पाहिजे, आणि ते माझं मला उघडता आलं पाहिजे. मॅडम ऐकत होत्या. शेवटी त्यांनी क्लार्कना सांगितलं की मुलगीही वारसच आहे, कायद्यात दुसरं काही बसत नाही, उताऱ्यावर दोघांची नावं लावायला ग्रामपंचायतीला कळवा आणि घर पाडायला दोघांचीही सही लागेल असं लिहा. एवढं सरळ होतं. पहिल्या तारखेलाही एवढंच सरळ होतं.

निकाल ऐकवायला भावाचा पुकारा झाला. शिपाई गॅलरीत जाऊन ओरडला. कुणी आलं नाही. पुन्हा ओरडला. मग आत येऊन म्हणाला, गाडीपण न्हाई खाली. सामनेवाला गेला वाटतं.

मी मोबाइल लावला. रिंग वाजत राहिली. मला बाहेर गॅलरीतल्या बाकावर बसवलं, म्हणजे मीच कुबड्या टेकत जाऊन बसले, सपाटी होती ना. येईल की भाऊ, शिपाई म्हणाला. येईल की, क्लार्क म्हणाले आणि जिना उतरून घरी गेले. एकेक खोली बंद व्हायला लागली. पंखे थांबले. घरावर माझंही नाव लागलं होतं आणि मी त्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर अडकून पडले होते. जी भीती मी आताच आत बसून मॅडमना सांगितली तीच माझ्यासमोर येऊन बसली. मला तहान लागली होती, माठ खाली होता. लघवीला लागली होती, तीही सोय खाली. मी पदर तोंडात धरून बसले.

मॅडम पर्स घेऊन निघाल्या आणि मला बघून थबकल्या. भाऊ आला नाही का? शिपायांना सांगते, उचलतील. मी नको म्हटलं. त्या अवघडून उभ्या राहिल्या. लिफ्टचा प्रस्ताव केव्हाचा पाठवलेला आहे, म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी मला निरोप द्या, मीच खाली येईन. चांगल्या मनानं म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, तुमची बदली झाल्यावर? त्या सावकाश जिना उतरून गेल्या. जाताना एकदा वर बघितलं.

शिपाई किल्ल्या घेऊन उभा राहिला. त्याला खालचं लोखंडी दार लावायचं होतं. मी कॅलिपरचे गुडघे मोकळे केले, जिन्याच्या तोंडाशी जमिनीवर बसले आणि कुबड्या खाली सोडून दिल्या. त्या खडखडत वळणापर्यंत गेल्या. हातावर भार द्यायचा, बूड खालच्या पायरीवर आणायचं, मग पाय हातानं ओढून घ्यायचे. कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या, तिथंच हात टेकावे लागत होते. साडी चिकटत होती. शिपाई भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, तेवढं त्याचं बरं.

वळणावर आले तर खालून भाऊ वर येताना दिसला. धावत आला होता. माझ्यासमोर आला, वळला, पाठ केली आणि खाली बसला.

"बस."

"बाजूला हो."

"आक्का, बस."

"बाजूला हो म्हणते ना."

तो उठला. बाजूला झाला नाही, पण एक पायरी खाली उतरला आणि माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. मी एक पायरी खाली आले की तो एक पायरी मागं जायचा, दोन्ही हात अर्धवट पुढं धरून. हात लावत नव्हता. असे आम्ही शेवटपर्यंत उतरलो. खाली आल्यावर त्यानं माझ्या कुबड्या दिल्या. माझे हात कोपरापर्यंत घाण झालेले. त्यानं माठातलं पाणी आणून माझ्या हातांवर ओतलं, मी धुतले. बाई माणसाची सोय कुठं आहे ते शिपायाला विचारलं आणि मी येईपर्यंत लांब उभा राहिला. फाट्यापर्यंत गेलो होतो, मग माघारी फिरलो, म्हणाला. मी निकाल सांगितला. त्यानं मान हलवली. गाडीपाशी आलो, त्यानं कुबड्या बांधल्या, गाठी पुन्हा पुन्हा आवळल्या. मग गाडीकडं बघतच विचारलं.

"मी भाईर गेल्यावर माज्याबद्दल काय सांगितलंस त्यांना?"

"तू लय चांगला हाईस म्हणून सांगितलं."

"मग?"

"म्हणूनच भ्या वाटतंय."

त्यानं किक मारली. मला मागं चढवताना त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला होता, पण तो माझ्याकडं बघत नव्हता आणि मीही बघितलं नाही. गाडी गेटच्या बाहेर पडली तसे मी त्याचे दोन्ही खांदे धरले. धरल्याशिवाय मला बसता येत नाही.